‘अल्पवयीन आहे, सुटेल’ : पोरांना गुन्हेगारीपासून दूर ठेवणारे उपक्रम कुठे चालतात, कुठे फसतात?

मलकापूर (ता. कराड) : चौकात बाईकच्या सीटवर ठेवलेला केक, तो कापायला तलवार, भोवती मोबाइलचे फ्लॅश आणि मागे ‘भाई’च्या नावाचं गाणं. असे व्हिडिओ पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही निमशहरी गावातल्या तरुणांच्या फोनवर सापडतात. पुढची गोष्टही ठरलेली असते. व्हिडिओ व्हायरल होतो, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि दोन दिवसांनी हात जोडून माफी मागणारा दुसरा व्हिडिओ येतो.

या गर्दीत सोळा-सतरा वर्षांची पोरं असली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. गल्लीतला मोठा म्हणतो, ‘अल्पवयीन आहे, सुटेल.’ घरातले म्हणतात, ‘आता याचं आयुष्य वाया गेलं.’ ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत, आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत मुलाला वाचवता येतं. त्यासाठी देशात, राज्यात आणि आपल्या सातारा-सांगलीत काय काय झालं? त्यातलं काय टिकलं? मलकापूरसारख्या गावाला काय करता येईल? समजून घेऊ.

प्रश्न किती मोठा आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीन मुलांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. २०२१ मध्ये हा आकडा ३१,१७० होता. म्हणजे २०२२ मध्ये एकूण संख्या थोडी घटली होती. पण महत्त्वाची गोष्ट वयाची आहे. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी चारपैकी तीनहून अधिक मुलं १६ ते १८ या वयोगटातली होती.

हा काळ दहावी सुटल्यानंतरचा आणि कामाला लागण्याआधीचा. शाळेची हजेरी संपलेली, कॉलेजची सक्ती नाही, खिशात पैसे नाहीत आणि हातात फोन आहे. वडील ऊसतोडीला, ड्रायव्हिंगला किंवा कंपनीच्या पाळीला गेलेले असले तर संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मुलगा कुठे आहे, हे विचारणारं घरात कुणी नसतं. विचारणारा असतो तो चौकातला ‘दादा’. तो वडापाव देतो, गाडी फिरवायला देतो, भांडणात मागे उभा राहतो. काही महिन्यांनी त्याचा हिशेब मागतो.

आता त्यात अमली पदार्थांची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या मेफेड्रोन अर्थात ‘एमडी’विरोधी कारवाईचा धागा सांगलीच्या कुपवाडपर्यंत पोहोचला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत याच पदार्थाचा कारखाना उघडकीला आला. कराडला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गावर वाढलेल्या मलकापूरला ही ठिकाणं लांबची नाहीत.

‘सुटेल’ हा समज कुठून आला?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ नुसार १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. जामीन देणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद.

१९ मे २०२४ रोजी पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेनं दोघांचा जीव घेतला आणि अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा हा समज घराघरांत पक्का झाला. प्रत्यक्षात कायद्यात आणखी बरंच काही आहे.

• गुन्हा अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा असेल आणि मुलगा १६ वर्षांवरचा असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक पडताळणी करतं. त्यानंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे जाऊ शकतो.

• जामिनावर सोडल्यास मुलगा पुन्हा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मंडळाला वाटलं, तर जामीन नाकारता येतो. मग त्याला निरीक्षणगृहात ठेवलं जातं.

• मुलाला वापरून घेणाऱ्या मोठ्यांना वेगळी आणि कडक शिक्षा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ नुसार मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलाकडून अमली पदार्थांची ने-आण करून घेतल्यास कलम ७८ लागतं.

• १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ त्याहून पुढे जातं. गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं कैद होते. मुलानं तो गुन्हा केलाच, तर लावणाऱ्यानं तो स्वतः केला असं धरून त्याचीही शिक्षा होते.

थोडक्यात, ‘तू अल्पवयीन आहेस, तुला काही होत नाही’ असं सांगणारा दादा स्वतःची कातडी वाचवत असतो. कोयता धरणारा हात सोळा वर्षांचा असला, तरी तो हातात देणाऱ्यासाठी कायद्यात सूट नाही.

आणि ‘आयुष्य वाया गेलं’ हे तरी खरं आहे का?

सातारा-सांगलीतल्या अनेक मुलांचं स्वप्न पोलीस किंवा सैन्यभरतीचं असतं. त्यामुळे ‘एकदा नाव लागलं की भरती गेली’ ही भीती खरी असते. याच भीतीपोटी काही पोरं ‘आता तसंही सगळं संपलंय’ म्हणत दुसऱ्या गुन्ह्याकडे जातात.

कायदा मात्र नवी सुरुवात हे तत्त्व मानतो. कलम २४ नुसार बाल न्याय मंडळासमोर निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढच्या आयुष्यात कोणतीही अपात्रता लागू नये. कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही. प्रकरण बंद किंवा निकाली झालं असेल, तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. १६ वर्षांवरच्या मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालून तो दोषी ठरला, तर मात्र अपात्रतेपासूनचं हे संरक्षण मिळत नाही.

केंद्राच्या २०१६च्या आदर्श नियमांनुसार तर गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर एफआयआरऐवजी पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घेऊन मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला पाठवायचा असतो.

हे संरक्षण अठराव्या वाढदिवसाला संपतं. १७ वर्षं ११ महिन्यांचा मुलगा आणि १८ वर्षं १ महिन्याचा तरुण यांनी एकच मारामारी केली, तरी पुढचे रस्ते पूर्ण वेगळे असतात. म्हणून मुलगा सोळाचा असताना जे होईल, तेच खरं काम.

काय केल्यानं उपयोग होत नाही?

शाळेत एक दिवस व्याख्यान, रॅली, शपथ आणि फोटो. असे कार्यक्रम सगळीकडे होतात. त्यांनी माहिती मिळते, पण चौकात उभ्या असलेल्या मुलाची संध्याकाळ बदलत नाही. शिवाय जो मुलगा शाळेत येणंच थांबला आहे, तो त्या व्याख्यानाला नसतोच.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे धाक. १९७०च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून त्यांना घाबरवण्याचा प्रयोग झाला. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि अनेक ठिकाणी त्याची नक्कल झाली. पुढे अशा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा चित्र उलटं निघालं. तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी, न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले होते.

तिसरी चूक चांगल्या हेतूनं होते. १९३९ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ५०० हून अधिक मुलं निवडून त्यातल्या निम्म्यांना काही वर्षं समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं अशी मदत दिली गेली. सुमारे ३० वर्षांनी त्यांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतीत उरलेल्यांपेक्षा वाईट होती. वारंवार शिबिरांना एकत्र पाठवलेल्या मुलांना सर्वाधिक तोटा झाला होता. बिघडण्याच्या वाटेवरची दहा पोरं एकत्र कोंबली की ती एकमेकांकडूनच शिकतात, हा त्यातला धडा.

म्हणजे ‘गुन्हेगार मुलांचं शिबिर’ असा बोर्ड लावून कार्यक्रम घेणं दुहेरी घातक आहे. एक तर कायद्यानं लपवायची ओळख गावासमोर येते, आणि वर टोळीला सभासद मिळतात.

मग काय काम करतं?

शिकागोमधल्या ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमात शाळेच्या वेळेतच आठवड्यातून एकदा मुलांचा लहान गट एका प्रशिक्षित मोठ्या माणसाबरोबर बसतो. पहिल्याच दिवशी एक खेळ असतो. जोडीदाराच्या मुठीतला चेंडू ३० सेकंदांत मिळवायचा. सगळे झटापट करतात, मूठ पिळतात. नंतर विचारलं जातं, ‘नुसता मागितला का नाहीस?’ रागाच्या भरात हात उचलण्याआधी एक क्षण थांबायची सवय लावणं, हा सगळा अभ्यासक्रम. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं निवडून झालेल्या दोन अभ्यासांत, उपक्रम सुरू असताना हिंसक गुन्ह्यांतली अटक ४५ ते ५० टक्क्यांनी घटली.

त्याच शहरात २०१२ मध्ये हिंसाचारग्रस्त भागातल्या शाळांच्या मुलांना आठ आठवडे, आठवड्याला २५ तास, किमान वेतनावर काम दिलं गेलं. पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतली अटक ४३ टक्क्यांनी कमी झाली.

आपल्याकडची उदाहरणंही त्याच दिशेची आहेत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये सगळ्यांनी पाहिला. त्यातली मुख्य गोष्ट चेंडू नाही. रोज ठरलेल्या वेळी मैदानावर येणारा आणि मुलगा आला नाही तर घरी जाऊन विचारणारा माणूस, ही आहे.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवलं. हातभट्टीची दारू गाळणाऱ्या वस्त्यांवर नुसते छापे टाकले, तर आठवड्यात भट्ट्या पुन्हा पेटतात, हा अनुभव होता. म्हणून एकेका अधिकाऱ्याकडे एकेक गाव देऊन कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून देण्यावर भर दिला गेला. सातारा पोलिसांचा ‘उंच भरारी’ हा उपक्रमही तरुणांना कौशल्य प्रशिक्षणातून रोजगारापर्यंत नेण्याच्या याच विचाराचा आहे.

या सगळ्यांत तीन गोष्टी समान दिसतात : ओळखीचा एक मोठा माणूस, रिकाम्या तासांचं ठरलेलं वेळापत्रक आणि शेवटी कमाईचा रस्ता. त्यातलं एक जरी काढलं, तरी बाकीचं ढिलं पडतं.

हे आपल्याकडे नवीन आहे का?

अजिबात नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. ते या भागातल्या तालमीच्या परंपरेतून आले. तालीम म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी ठरलेली हजेरी, व्यसनाला बंदी आणि वस्तादांचा शब्द. गुन्हेगारी रोखण्याचा कार्यक्रम असं तिला कुणी म्हटलं नाही, पण पोराच्या दिवसातले दोन्ही धोक्याचे तास तिनं व्यापलेले असायचे.

कराड तालुक्यातल्याच काले गावात ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहात राहून काम करत शिकायचं, ही ‘कमवा आणि शिका’ची पद्धत पुढे राज्यभर गेली. शिक्षण की कमाई, या पेचात शाळा सोडणाऱ्या मुलासाठी आजही याहून सोपं उत्तर सापडलेलं नाही.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तर त्याही पुढचं. १९३९ मध्ये औंध संस्थानानं इथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कसायला जमीन आणि सोबत कुटुंब. व्ही. शांताराम यांच्या १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’मागची प्रेरणा हीच. प्रौढ कैद्यांवर इतका विश्वास टाकून पाहणाऱ्या भागाला सोळा वर्षांच्या पोरावर तो टाकणं अवघड वाटू नये.

मलकापूरमध्ये उपक्रम कसा उभा राहू शकतो?

२४ तास नळाला पाणी देणारं शहर म्हणून मलकापूरचं नाव देशभर झालं. ते काम भाषणांवर झालं नाही. घरोघरी मीटर बसले, गळती शोधली गेली, रोजची नोंद ठेवली गेली. मुलांच्या बाबतीतही तीच शिस्त लागेल.

• गळती कुठे आहे ते आधी शोधा : नववी ते बारावीत सलग गैरहजर राहणाऱ्या मुलांची यादी शाळांकडे असते. ती पोलिसांकडे न देता मुख्याध्यापक, अंगणवाडी-आशा सेविका आणि प्रभागातली बाल संरक्षण समिती यांनी घरभेटीसाठी वापरावी. गुन्हा घडण्याआधीची पहिली खूण बहुतेक वेळा हजेरीपटावर दिसते.

• संध्याकाळ भरा : तालीम, कबड्डीचं मैदान, अभ्यासिका यांच्या वेळा सहा ते नऊ ठेवाव्यात. प्रवेश सगळ्यांना खुला असावा. ‘बिघडलेल्यांसाठी’ वेगळी तुकडी नको.

• एका मुलामागे एक माणूस : निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, वस्ताद, गॅरेजवाला. आठवड्यातून एकदा भेट, निदान वर्षभर. मध्येच सोडून जाणारा माणूस मुलाला आणखी दूर ढकलतो. स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासणं इथे आवश्यकच आहे.

• कामाचा रस्ता : आयटीआय, तासवडे औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या आणि गावातली वर्कशॉप. शिकाऊ उमेदवारी १४ वर्षांपासून मिळू शकते. धोकादायक उद्योगांसाठी वय १८ लागतं. पहिल्या महिन्याचं विद्यावेतन हातात पडणं दहा व्याख्यानांपेक्षा जास्त बोलतं.

• घराला आधार : एक पालक असलेल्या किंवा पालक तुरुंगात असलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यातून पात्र मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करायचा असतो.

• पोलिसांची जागा : प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्याचं नाव शाळांना आणि मंडळांना माहीत असलं पाहिजे. त्यानं मुलाला कधी बोलवायचं यापेक्षा त्याला वापरणाऱ्या दादावर कलम ९५ कधी लावायचं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

यश कसं मोजायचं?

‘वर्षात ४० कार्यक्रम, ५,००० विद्यार्थ्यांना मार्गदर्शन’ असा अहवाल कुणीही देऊ शकतो. मोजायचं ते वेगळं आहे. यादीतली किती मुलं सहा महिन्यांनी शाळेत किंवा कामावर आहेत? किती जण नियमित मैदानावर येतात? एकदा मंडळासमोर गेलेल्यांपैकी किती जण पुन्हा गेले नाहीत? शिकागोचा अनुभव सांगतो, की उपक्रम चालू असताना परिणाम दिसतो. म्हणून अधिकारी बदलला की बंद पडणाऱ्या योजनेपेक्षा नगरपरिषदेच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकात बसलेला छोटा खर्च जास्त टिकाऊ असतो.

मुलगा अडकतोय असं वाटलं तर पालकांनी काय करावं?

• अचानक नवे कपडे, दुसऱ्याची गाडी, दोन फोन, रात्रीची गैरहजेरी किंवा शाळेचा विषय टाळणं दिसलं, तर आधी शांतपणे विचारा. मारून घराबाहेर काढलेल्या मुलाला आसरा द्यायला दादा तयारच असतो.

• मुलांच्या मदतीसाठी १०९८, तातडीच्या वेळी ११२, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत.

• पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं, तर वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र लगेच घेऊन जा. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो.

• परिविक्षा अधिकारी घरी चौकशीला येतात, तेव्हा काही लपवू नका. त्यांच्या अहवालावर मंडळ समुपदेशन, समाजसेवा, शिक्षण किंवा व्यसनमुक्तीचा आदेश देऊ शकतं. मुलाला परत आणण्याची ती संधी असते.

• मुलाला कुणी वापरत असेल, तर त्याचं नाव सांगा. तुमचा मुलगा अल्पवयीन असला, तरी तो माणूस नाही.